व्यवसाय सोडून द्राक्षमळ्याकडे : इटलीतील लघुवाइननिर्मिती, महाराष्ट्राचा अनुभव आणि वर्धा जिल्हा

गोषवारा

उद्योगव्यवसायात स्थिरावलेल्या व्यक्तीने तो सोडून लहान द्राक्षमळा घ्यावा आणि स्वतःच्या नावाने वाइन करावी, अशी उदाहरणे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीत अनेक घडली. महाराष्ट्रातही नाशिक व सोलापूर जिल्ह्यांत त्यांच्याशी नाते सांगणारे प्रयत्न झाले. प्रस्तुत लेखात या व्यवसायांतराची ऐतिहासिक, कृषिविषयक, आर्थिक आणि कायदेशीर अंगे स्पष्ट केली आहेत. थांबण्याची आर्थिक ताकद, स्थानिक जाणकाराचे ज्ञान आणि स्वतःच्या नावाने माल विकण्याचा हक्क या तीन गोष्टींवर लघुउत्पादकाचे यश अवलंबून असते, असे या विवेचनातून दिसते. दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्यात वाइननिर्मितीला वाव नाही. तथापि शेतमालावर गावातच प्रक्रिया करण्याचा जो प्रश्न तिच्या मुळाशी आहे, तो या जिल्ह्याच्या परिचयाचा आहे.

बीजशब्द : व्यवसायांतर, लघुउत्पादक, वाइन, टस्कनी, नाशिक, भौगोलिक मानांकन, ग्रामोद्योग.

प्रस्तावना

शेतीतून बाहेर पडून नोकरीकडे वा उद्योगाकडे जाणे हा आपल्याकडील सर्वपरिचित प्रवाह आहे. विदर्भातील कापूस उत्पादक कुटुंबांत तर मुलाने शेतीत राहू नये अशीच आईवडिलांची इच्छा असते. या प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने जाणारी माणसे थोडी असतात आणि त्यांच्याविषयीचे लेखन बहुधा कौतुकाच्या सुरात होते. कोणी मोठ्या पगाराची नोकरी सोडली, कोणी चालता कारखाना सोडला आणि मातीत हात घातला, एवढे सांगून अशा लेखनाची इतिश्री होते. त्या माणसाला हे कशाच्या बळावर जमले आणि त्याच्या बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्याला ते का जमले नाही, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी वाइन हे उत्पादन सोयीचे आहे. द्राक्ष हा नाशवंत शेतमाल, परंतु त्यापासून केलेली वाइन वर्षानुवर्षे टिकते आणि काही प्रकारांत कालांतराने अधिक मोलाची होते. कच्चा माल विकणारा आणि पक्का माल विकणारा यांच्या उत्पन्नात केवढे अंतर पडते, हे येथे स्पष्ट दिसते. साधारण एक ते सव्वा किलो द्राक्षांपासून ७५० मिलिलिटरची एक बाटली तयार होते. तेवढ्या द्राक्षांची किंमत आणि त्या बाटलीची किंमत यांत जी तफावत आहे, ती कोणाच्या हाती जाते, हाच या विषयाचा गाभा होय.

१. इटलीतील पार्श्वभूमी : अर्धेलीची अखेर

मध्य इटलीतील टस्कनी प्रांतात शतकानुशतके ‘मेद्झाद्रिआ’ नावाची पद्धत चालत होती. जमीन जमीनदाराची, कष्ट कुळाचे आणि पीक निम्मेनिम्मे, असे तिचे स्वरूप होते. आपल्याकडील अर्धेलीशी वा बटाईशी तिचे जवळचे साम्य आहे. एकाच शेतात गहू, ऑलिव्ह आणि द्राक्षवेली एकत्र असत. कुळाचे पोट भरणे आणि जमीनदाराचा वाटा पोहोचणे एवढाच हेतू असल्याने द्राक्षाच्या प्रतीकडे लक्ष देण्याचे कोणालाच कारण नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत कारखानदारी वेगाने वाढली आणि कुळे शहरांकडे गेली. १९६४ च्या कायद्याने मेद्झाद्रिआचे नवे करार करण्यास मनाई झाली. टेकड्यांवरील दगडी घरे ओस पडली, वेली रानटी वाढल्या आणि जमिनींचे भाव उतरले. या ओस जमिनी विकत घेणाऱ्यांत मिलान, रोम आणि परदेशांतील व्यावसायिक मोठ्या संख्येने होते. शहरवासीयांच्या ज्या ‘मातीच्या ओढी’चे पुढे कौतुक झाले, तिच्या मागे अशा रीतीने हजारो कुळकुटुंबांचे स्थलांतर होते. ही गोष्ट लक्षात ठेवल्याखेरीज पुढील उदाहरणांचा अर्थ पुरता लागत नाही.

याच सुमारास इटलीने वाइनच्या भौगोलिक नावांचे नियमन सुरू केले. १९६३ च्या कायद्याने विशिष्ट प्रदेशाचे नाव लावण्यासाठी द्राक्षाच्या जाती, त्यांचे प्रमाण, हेक्टरी उत्पादनाची मर्यादा आणि मुरवण्याचा काळ ठरवून देण्याची व्यवस्था निर्माण झाली. किआन्ती या प्रसिद्ध प्रदेशासाठी १९६७ मध्ये जे नियम झाले, त्यांनुसार तांबड्या वाइनमध्ये १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे मिसळणे बंधनकारक होते. पांढरी द्राक्षे भरपूर पिकत आणि स्वस्त पडत. त्यामुळे हा नियम मोठ्या प्रमाणावर माल काढणाऱ्यांना सोयीचा, तर उत्तम प्रत साधू पाहणाऱ्या लहान उत्पादकाला जाचक होता.

२. दोन व्यावसायिकांची उदाहरणे

सेर्जो मानेत्ती हे टस्कनीतील पोज्जीबोन्सी येथील पोलाद उद्योजक. त्यांनी १९६७ मध्ये राद्दा गावाजवळील मोंतेव्हेर्तिने ही जागा सुटीतील घर म्हणून घेतली आणि मित्रमंडळींपुरती वाइन व्हावी या हेतूने सुमारे दोन हेक्टरांवर वेली लावल्या. १९७१ च्या हंगामातील पहिली वाइन जाणकारांच्या पसंतीस उतरली. त्यानंतर मानेत्ती यांनी आपला मूळ व्यवसाय हळूहळू सोडून दिला आणि ते पूर्णवेळ वाइन उत्पादक झाले.

मानेत्ती यांना वेलींची वा तळघराची माहिती नव्हती. ती दोन व्यक्तींनी पुरवली. एक ब्रूनो बीनी; ते त्याच शेतावर जन्मलेले आणि तेथील मातीचा कण नि कण ओळखणारे. दुसरे जुलिओ गाम्बेल्ली, ते पोज्जीबोन्सीचेच. वाइनशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. मुलगा असतानाच एका वाइन केंद्रात कामाला लागून तांक्रेदी ब्योंदी सान्ती या नामवंत उत्पादकाच्या हाताखाली ते शिकले आणि केवळ चवीवरून वाइनचे भवितव्य सांगणारे जाणकार म्हणून मान्यता पावले. सांजोव्हेसे या स्थानिक तांबड्या द्राक्षात दुसरे काही मिसळू नये, असा गाम्बेल्ली यांचा आग्रह होता.

मानेत्ती यांनी तो मानला आणि १९७७ च्या हंगामापासून ‘ले पेर्गोले तोर्ते’ ही केवळ सांजोव्हेसेची वाइन काढली. नियमानुसार तिला किआन्ती हे नाव लावता येत नव्हते. १९८१ मध्ये मानेत्ती प्रादेशिक उत्पादक संघातून बाहेर पडले आणि ‘साधी वाइन’ या कायद्यातील सर्वांत खालच्या वर्गात आपला माल विकू लागले. ग्राहकांनी ती वाइन नामांकित वाइनपेक्षा अधिक दराने घेतली. पुढे कायद्यालाच वळण घ्यावे लागले. १९९६ पासून शंभर टक्के सांजोव्हेसे असलेल्या वाइनला किआन्ती क्लासिको हे नाव लावण्याची मुभा मिळाली आणि २००६ च्या हंगामापासून तीत पांढरी द्राक्षे घालण्यास मनाई झाली. मानेत्ती २००० मध्ये वारले. त्यांच्या पश्चात त्यांच्या कुटुंबाने हे काम सुरू ठेवले. संघाबाहेर राहण्याचा निर्णयही कायम ठेवला.

दुसरे उदाहरण जानफ्रांको सोल्देरा यांचे. ते मिलानमधील विमा व्यावसायिक. १९७२ मध्ये त्यांनी मोंताल्चिनो येथे कासे बास्से नावाची ओस पडलेली मालमत्ता घेतली. येथील ब्रुनेल्लो ही वाइन नियमाप्रमाणे पीक काढल्यानंतर पाचव्या वर्षाच्या जानेवारीपूर्वी विकता येत नाही. सोल्देरा ती त्याहूनही अधिक काळ मोठ्या लाकडी पिंपांत ठेवत. त्यांनाही गाम्बेल्ली यांचेच मार्गदर्शन होते. २ डिसेंबर २०१२ च्या रात्री त्यांच्या एका माजी कामगाराने तळघरात शिरून पिंपांच्या तोट्या उघडल्या. २००७ ते २०१२ या सहा हंगामांची सुमारे ६२,६०० लिटर वाइन गटारात वाहून गेली. अपराध्याला पुढे शिक्षा झाली, परंतु सहा वर्षांचे उत्पन्न परत येणे शक्य नव्हते. सोल्देरा यांनी काम थांबवले नाही. २०१९ मध्ये निधन होईपर्यंत ते वाइन करत राहिले.

ही घटना अपवादात्मक आहे. परंतु लघुउत्पादकाचे भांडवल कशा स्वरूपात असते, हे तिच्यातून कळते. कारखानदाराचे भांडवल यंत्रांत, व्यापाऱ्याचे मालात आणि उधारीत असते. सोल्देरा यांच्यासारख्या वाइन उत्पादकाचे भांडवल म्हणजे पिंपात साठलेली वर्षे होत. ती उसनी घेता येत नाहीत आणि गेल्यास विकत आणता येत नाहीत.

३. लघुउत्पादकाचे अर्थशास्त्र

वाइनच्या लघुउद्योगाचे गणित इतर प्रक्रिया उद्योगांपेक्षा तीन बाबतींत वेगळे आहे.

पहिली बाब काळाची. वेल लावल्यापासून वाइनयोग्य पीक येण्यास साधारण तीन वर्षे लागतात. त्यात मुरवण्याचा काळ मिळवला, तर ब्रुनेल्लोसारख्या वाइनमध्ये लागवड आणि पहिली विक्री यांत आठ वर्षांचे अंतर पडते. या काळात मजुरी, औषधे, पिंपे, बाटल्या आणि वीज यांवरील खर्च चालूच राहतो. बँकेचे कर्ज घेऊन हा काळ काढणे कठीण असते, कारण हप्ते पहिल्या विक्रीची वाट पाहत नाहीत. अन्य व्यवसायातून आधीच साठवलेली पुंजी येथे निर्णायक ठरते. मानेत्ती आणि सोल्देरा यांनी व्यवसायातून आणलेली सर्वांत मोलाची वस्तू व्यवस्थापनाचे कौशल्य नव्हती. थांबू शकणारा पैसा ही होती.

दुसरी बाब उत्पादनाच्या मर्यादेची. किआन्ती क्लासिकोच्या नियमांत हेक्टरी ७५ क्विंटल द्राक्षांची कमाल मर्यादा आहे. महाराष्ट्रात खाण्याच्या द्राक्षांचे उत्पादन एकरी ८ ते १० टन घेतले जाते, म्हणजे हेक्टरी २०० ते २५० क्विंटल. वाइनसाठी वेलीवर घड कमी ठेवले, तर साखर, आम्लता, रंग आणि सालीतील तुरटपणा यांचा समतोल साधतो. उत्तम प्रतीसाठी उत्पादन मुद्दाम कमी करायचे, ही गोष्ट क्विंटलवर भाव मिळणाऱ्या शेतकऱ्याच्या अनुभवाशी सर्वस्वी विसंगत आहे. कमी माल अधिक दराने विकला जाईल याची खात्री असेल तरच कोणी हिरवे घड खुडून टाकील.

तिसरी बाब नावाची. बाटलीवर शेताचे, गावाचे आणि उत्पादकाचे नाव असते. ग्राहकाला तो कोठे सापडतो हे ठाऊक असते. १९८६ मध्ये इटलीत मिथेनॉल मिसळलेल्या स्वस्त वाइनमुळे वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि देशाच्या वाइन निर्यातीला जबर धक्का बसला. त्यानंतर उत्पादनाच्या प्रमाणापेक्षा प्रतीला आणि बाटलीमागील माणसाच्या विश्वासार्हतेला महत्त्व आले. १९८५ च्या कृषिपर्यटन कायद्यानेही हातभार लावला. शेतावर पाहुणे ठेवणे आणि आपला माल दारातच विकणे सोपे झाल्याने उत्पादकाला मधल्या साखळीतून वगळलेला नफा मिळू लागला.

४. महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्रात आधुनिक वाइननिर्मितीचा पाया १९८० च्या दशकात नारायणगाव परिसरात श्यामराव चौगुले यांच्या उद्योगाने घातला. तेथील ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन परदेशी बाजारात गेली. मात्र नोकरी सोडून परत आलेला उत्पादक या अर्थाने राजीव सामंत यांचे उदाहरण अधिक जवळचे आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील शिक्षणानंतर ते कॅलिफोर्नियात ओरॅकल या संगणक कंपनीत काम करत होते. १९९० च्या दशकाच्या आरंभी ते नोकरी सोडून नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरातील कुटुंबाच्या जमिनीवर आले. आंबा, गुलाब आणि खाण्याची द्राक्षे यांचे प्रयोग त्यांनी करून पाहिले. त्यानंतर कॅलिफोर्नियातील वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांच्या साहाय्याने वाइनच्या जातींची लागवड केली आणि २००० मध्ये ‘सुला’ ही वाइन बाजारात आली. हे नाव त्यांच्या आईच्या ‘सुलभा’ या नावावरून घेतलेले आहे.

येथेही तीच त्रिसूत्री दिसते : हातची जमीन आणि धीर धरण्याची कुवत, जाणकाराचे मार्गदर्शन, आणि स्वतःच्या नावाची बाटली. फरक पुढील टप्प्यात आहे. मानेत्ती लहानच राहिले. सुला वाढत जाऊन भारतातील सर्वांत मोठी वाइन कंपनी झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले. तिच्या वाढीला करारशेतीने द्राक्षे पुरवणाऱ्या शेतकऱ्यांचा मोठा आधार आहे.

इटलीशी थेट संबंध सोलापूर जिल्ह्यातील अकलूज येथे आला. ‘फ्रातेल्ली’ या इटालियन शब्दाचा अर्थ भाऊ. इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे व्यावसायिक सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांनी टस्कनीचे अनुभवी वाइनकार पिएरो मासी यांच्यासह हा उद्योग २००७ च्या सुमारास उभा केला. तिघा भावंडजोड्या आणि मासी मिळून सात भागीदार. म्हणून त्यांच्या एका वाइनचे नाव ‘सेत्ते’, म्हणजे सात, असे आहे. किआन्तीच्या टेकड्यांवरील सांजोव्हेसे अशा रीतीने माळशिरस तालुक्यात रुजले. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात ‘रेव्हेलो’ या वायनरीने इटालियन वाइनकाराच्या मदतीने नेरो दाव्होला आणि ग्रिल्लो या सिसिलीच्या जाती लावल्या.

या जाती इकडे आणताना शेतीची पद्धत मात्र तिकडून आणता आली नाही. टस्कनीत हिवाळ्यात वेल पानगळ होऊन झोपी जाते. एकदाच छाटणी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पीक निघते. महाराष्ट्रात वेलीला अशी विश्रांती मिळत नाही. म्हणून येथे दोन छाटण्या कराव्या लागतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नव्या काड्या तयार करतात आणि पावसाळा ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून घड धरतात. पीक जानेवारी ते मार्च या काळात येते. गोडी छाटणीनंतर परतीचा पाऊस लांबला, तर कोवळ्या घडांवर केवडा रोग येतो. थंडीत भुरीची भीती असते. फेब्रुवारीनंतर ऊन तापू लागले की द्राक्षातील साखर झपाट्याने चढते आणि आम्लता उतरते. त्यामुळे तोडणी पहाटे वा रात्री करणे आणि रस थंड ठेवणाऱ्या पोलादी टाक्यांत वाइन आंबवणे भाग पडते. टस्कनीच्या शेतकऱ्याला दगडी तळघराचा जो गारवा फुकट मिळतो, तो येथे विजेच्या बिलातून घ्यावा लागतो. लहान वायनरीचे अर्थकारण येथेच पहिल्यांदा ताणले जाते.

५. धोरण, कायदा आणि द्राक्ष उत्पादक

राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. परवान्याची पद्धत सोपी झाली, राज्यातील द्राक्षांपासून केलेल्या वाइनला उत्पादनशुल्कात सवलत मिळाली, नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभारण्यात आले. नाशिक व्हॅली वाइन या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. शेतकऱ्याच्या मालाला अधिक मोल मिळावे, हा धोरणाचा घोषित हेतू होता आणि अनेक द्राक्ष बागायतदारांनी त्या भरवशावर वाइनच्या जाती लावल्या.

२००८ नंतर जागतिक मंदी आणि मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याने बसलेला पर्यटनाचा फटका यांमुळे मागणी घटली. काही वायनऱ्या बंद पडल्या, काहींकडे जुनाच माल पडून राहिला. या वेळी वाइनच्या द्राक्षांचे एक वैशिष्ट्य उत्पादकांच्या मुळावर आले. ही द्राक्षे लहान, बियांची आणि जाड सालीची असतात. थॉम्पसन सीडलेस परदेशी गेली नाही तर स्थानिक बाजारात विकता येते, तेथेही भाव नसेल तर बेदाणा करता येतो. वाइनच्या द्राक्षाला वायनरीखेरीज गिऱ्हाईकच नसते. एकमेव खरेदीदाराने पाठ फिरवल्यावर अनेकांना बागा काढून टाकाव्या लागल्या. वायनरीचा मालक साठवलेल्या वाइनवर एखादे वर्ष तग धरू शकतो. वेलीवर पिकलेले द्राक्ष मात्र आठवडाभरही थांबत नाही.

व्यवसायांतर करू इच्छिणाऱ्याच्या मार्गात महाराष्ट्रात आणखी एक अडसर आहे. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना शेतजमीन विकत घेता येत नाही. विदर्भासाठी १९५८ चा स्वतंत्र कायदा असून त्याचाही रोख तोच आहे. कसणाऱ्याची जमीन पैसेवाल्याच्या हाती जाऊ नये, हा या तरतुदींचा हेतू आहे आणि टस्कनीतील कुळांचे जे झाले ते पाहता तो अनाठायी म्हणता येणार नाही. तिचा परिणाम असा की, सोल्देरा यांच्याप्रमाणे विमा व्यवसायातून सरळ शेतीत येणे येथे बहुतांशी त्यालाच शक्य होते, ज्याच्या घरात सातबारा आधीपासून आहे किंवा ज्याला शेतकरी भागीदार मिळतो. सामंत यांच्या उदाहरणात पहिली, तर अकलूजच्या उदाहरणात दुसरी परिस्थिती दिसते.

कायदा शेतकऱ्याच्या जमिनीचे रक्षण करतो, परंतु त्याला थांबण्याची ताकद देत नाही. ती ताकद लहान शेतकऱ्यांना एकत्र येऊनच मिळू शकते, याला इटलीचाच दाखला आहे. त्या देशातील वाइनचा फार मोठा वाटा सहकारी वायनऱ्यांत तयार होतो. महाराष्ट्राला हे तत्त्व अपरिचित नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला जो सहकारी साखर कारखाना उभा केला, त्यामागे हाच विचार होता. नाशवंत ऊस विकणारा शेतकरी तेथे साखरेचा भागधारक झाला. वाइनच्या बाबतीत २००१ च्या धोरणाने वायनरी उभारणाऱ्यास बळ दिले. द्राक्ष पिकवणारा बहुतांशी पुरवठादारच राहिला.

६. वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात

वर्धा जिल्ह्यात महात्मा गांधी आणि विनोबा भावे यांच्या वास्तव्याचा मान राखून १९७४ पासून दारूबंदी लागू आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दालनांत वाइनविक्रीस मुभा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही दारूबंदीचे जिल्हे त्यातून वगळले होते. त्या निर्णयाला राज्यात तीव्र विरोध झाला आणि तो प्रत्यक्षात उतरला नाही. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ आणि ‘वाइन ही दारूच’ हे दोन्ही पक्ष त्या वेळी मांडले गेले. वाइनमध्ये मद्यार्क असतो, साधारण १२ ते १४ टक्के असतो, हे वस्तुस्थिती म्हणून मान्य करावे लागते. गावोगावी दारूने विस्कटलेले संसार पाहिलेल्या स्त्रियांना या उद्योगातील मूल्यवर्धनाचा युक्तिवाद पुरेसा वाटत नाही, ही बाबही अभ्यासकाने नजरेआड करू नये. हवामानही प्रतिकूल आहे. उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे जाणारे तापमान आणि पाणी धरून ठेवणारी काळी कसदार जमीन कापसाला मानवते. वाइनच्या द्राक्षाला नव्हे.

मग या विषयाचा वर्ध्याशी संबंध कोणता? त्याचे उत्तर मगनवाडीच्या इतिहासात आहे. जे. सी. कुमारप्पा हे लंडनमध्ये प्रशिक्षित झालेले लेखापरीक्षक. मुंबईत त्यांचा स्वतःचा व्यवसाय होता. पुढे अमेरिकेत त्यांनी व्यवसाय प्रशासन व सार्वजनिक अर्थकारण यांचा अभ्यास केला. १९२९ मध्ये गांधीजींची भेट झाल्यावर त्यांनी तो व्यवसाय सोडला. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि त्याचे काम कुमारप्पांनी मगनवाडीतून चालवले. तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन, हातसडीचा तांदूळ आणि ताडगूळ हे त्यांच्या कार्याचे विषय होते. मानेत्ती यांच्या चाळीस वर्षे आधी, वेगळ्या ध्येयाने, एका व्यावसायिकाने हिशेबाच्या वह्या मिटून लघुउत्पादनाकडे वळण्याचे हे उदाहरण वर्ध्यातच घडले.

ताडगुळाचा प्रयोग येथे विशेष बोलका आहे. शिंदीचा वा ताडाचा रस पहाटे उतरवला आणि मडक्याला आतून चुना लावलेला असला, तर ती गोड नीरा राहते. चुना नसला आणि उन्हे चढली, की तोच रस आंबून ताडी होते. आंबवण्याची हीच क्रिया द्राक्षरसाची वाइन करते. टस्कनीने ती क्रिया जोपासली. मगनवाडीने ती रोखून त्याच रसाचा टिकाऊ गूळ केला. नैतिक भूमिका परस्परविरुद्ध असल्या, तरी नाशवंत रस जेथे निघतो तेथेच त्याला टिकाऊ रूप द्यावे आणि त्याचे मोल गावातच राहावे, हे आर्थिक सूत्र दोन्हींकडे एकच आहे.

आजच्या वर्धा जिल्ह्यात या सूत्राची कसोटी लागेल असे शेतमाल आहेत. समुद्रपूर तालुक्यातील वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आर्वी, आष्टी आणि कारंजा तालुक्यांत संत्री पिकतात. हिंगणघाट कापसाची जुनी बाजारपेठ आहे. मगनवाडीच्याच परिसरात महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था काम करते. मानांकनाने नावाचे रक्षण होते, परंतु ते नाव पिशवीवर छापून विकणारा कोण, हे मानांकन ठरवत नाही. हळद उकडून, वाळवून, दळून स्वतःच्या नावाने विकणारा शेतकरी आणि ओली हळद व्यापाऱ्याला घालणारा शेतकरी यांच्यातील अंतर हे मोंतेव्हेर्तिनेचा मालक आणि द्राक्ष पुरवठादार यांच्यातील अंतरासारखेच आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, व्यवसाय सोडून लघुउत्पादक होणाऱ्या व्यक्तीचे धाडस खरे असले, तरी त्याच्या यशाचा मुख्य आधार आधीच्या व्यवसायातून आलेली थांबण्याची ताकद हा असतो. दोन, त्याचे ज्ञान बहुधा त्याचे स्वतःचे नसते. ब्रूनो बीनींसारखा त्या मातीत जन्मलेला माणूस आणि जुलिओ गाम्बेल्लींसारखा पदवीविना जाणकार झालेला माणूस नसता, तर मानेत्ती यांची वाइन झाली नसती. तीन, कायदा आणि धोरण हे लहान उत्पादकाला स्वतःचे नाव लावू देतात की नाही, यावर त्याचे भवितव्य ठरते. चार, प्रक्रिया उद्योगाला दिलेली सवलत शेतकऱ्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही. त्यासाठी त्याला त्या उद्योगात मालकीचा वाटा असावा लागतो.

ग्रामीण भागातील महाविद्यालयांपुढे यातून एक काम उभे राहते. नोकरी सोडून शेतीकडे वळणाऱ्यांच्या कथा विद्यार्थ्यांना प्रेरक वाटतात आणि त्या सांगितल्याही जाव्यात. मात्र वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या वर्गात त्या कथेसोबत तिचा ताळेबंदही मांडला जावा. पहिली विक्री होईपर्यंत किती वर्षे गेली, तोवर घर कशावर चालले, काम शिकवणारा कोण होता आणि माल कोणाच्या नावाने विकला गेला, हे चार प्रश्न विद्यार्थ्यांनी कोणत्याही उदाहरणाला विचारावेत. वायगावच्या हळदीपासून या अभ्यासाची सुरुवात करता येईल. वर्ध्यातील विद्यार्थ्याला त्यासाठी टस्कनीला जाण्याची आवश्यकता नाही. समुद्रपूर तालुक्यातील एका हंगामाचा हिशेब प्रत्यक्ष शेतावर जाऊन मांडला, तरी तो पुरेसा आहे.